वारस फेरफार कुठे आहे?

परभणी जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वडील जून २०२१ मध्ये वारले. त्यानंतरही पीएम-किसानचे तीन हप्ते वडिलांच्या खात्यावर पडले आणि मुलानं ते कार्डानं काढले. वारस नोंद, म्हणजे वारस फेरफार, लागली २०२३ मध्ये, भावाबरोबर वाटणी झाली २०२४ मध्ये. आता स्वतःच्या नावानं केलेला अर्ज ‘जमीनधारणा १-२-२०१९ नंतरची’ म्हणून नामंजूर झालाय, वर तहसीलची ६,००० रुपयांच्या वसुलीची नोटीस. हायकोर्टात जावं का, असं विचारतात. याच मजकुराची पत्रं मला सारखी येतात, फक्त तालुका बदलतो.

हायकोर्ट राहू द्या. तुम्ही पाठवलेल्या कागदांत फक्त वाटणीचा फेरफार (जमिनीच्या हक्कातला बदल नोंदवणारी नोंद) आहे. अर्जालाही तेवढाच जोडला असणार. गाडी तिथंच अडलीय.

योजनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन ज्याच्या नावावर होती तो पात्र. त्यानंतर खरेदीखतानं किंवा बक्षीसपत्रानं जमीन आलेल्याला लाभ नाही. अपवाद एकच: जमीनधारक मरण पावल्यामुळे वारसाहक्कानं आलेली जमीन. तुम्ही या अपवादात बसता. वाटणीनं नवीन हक्क निर्माण होत नाही, वडिलांकडून आलेल्या हिश्श्याच्या हद्दी तेवढ्या ठरतात, असं मी तरी मांडेन. पण अर्ज तपासणाऱ्याला तुमचे वडील दिसत नाहीत. त्याला फेरफाराचा प्रकार ‘वाटणी’ आणि वर्ष २०२४ दिसतं. तेव्हा नव्यानं अर्ज करताना मृत्यू दाखला, फेब्रुवारी २०१९ च्या आधीचा वडिलांच्या नावाचा सातबारा, २०२३ चा वारस फेरफार आणि मग वाटणीचा, अशी साखळी लावून द्या. शेतकरी ओळख क्रमांक काढला नसेल तर तो आधी काढा.

आता उशिराबद्दल. जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४९ सांगतं की हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. तुम्ही दोन वर्षं काय करत होतात? हक्क वडील गेले तेव्हाच तुमच्याकडे आला, उशिरानं तो बुडत नाही. पैसे मात्र बुडाले. ज्या चार महिन्यांच्या हप्त्यात नाव पोर्टलवर चढतं तिथून पुढचाच लाभ मिळतो, मागची थकबाकी मागता येत नाही. केंद्राचे वर्षाला ६,००० आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचेही तेवढेच. त्या योजनेची यादी पीएम-किसानच्याच लाभार्थ्यांवरून चालते, म्हणजे दोन्हीकडून गेले.

वसुलीवर वाद घालू नका. मेलेल्या माणसाच्या नावानं आलेला हप्ता वारसाचा होत नाही आणि त्यांचं कार्ड वापरून तो काढणं ही शहाणपणाची गोष्ट नव्हती. रक्कम भरा, पावती घ्या, त्या पावतीची प्रत नव्या अर्जाला लावा. ही वसुली महसुली थकबाकीसारखी करता येते का, यावर कायद्याचं बोलता येईल. पण ६,००० रुपयांसाठी छत्रपती संभाजीनगरला खंडपीठात गेलात तर ती रक्कम पहिल्या तारखेआधीच संपेल आणि निकाल कधी लागेल हे मी सांगणार नाही.

अर्ज पुन्हा फेटाळला तर लेखी कारण मागा. कृषी खातं महसुलाकडे बोट दाखवतं, महसूल कृषीकडे. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. ते कारण घेऊन जिल्हास्तरीय तक्रार निवारण समितीकडे जा. हायकोर्टातल्या रिट याचिकेचा विचार त्यानंतर.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. बहीण असेल तर तिचं नाव वारस फेरफारात आहे का? तिनं हक्कसोडपत्र दिलं असेल तर तेवढा हिस्सा वारसाहक्कानं आला की हस्तांतरानं, यावर कार्यालय अडून बसू शकतं. तुमचा स्वतःचा वारसाहिस्सा कितीही लहान असला तरी पात्रतेला तो पुरेसा, कारण क्षेत्राची दोन हेक्टरची अट २०१९ मध्येच निघाली. पण फेरफारात बहिणीचं नाव लागलंच नसेल तर हप्ता बाजूला ठेवा, आधी ती नोंद दुरुस्त करून घ्या.