वावरातून आल्यावर पुन्हा धावायचे कशाला?

चि. मुलीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पोलीस भरतीच्या यादीत नाव आले नाही, तेव्हापासून तू धावणे सोडलेस. सोयाबीनची कापणी आटोपली आणि आता तू आईबरोबर कापूस वेचायला जातेस. रात्री अंग मोडून आलेले असते, तरी झोप लागत नाही आणि मन जड राहते, असे तू लिहिले आहेस. "दिवसभर वावरात एवढी राबतेस, आता आणखी धावायचे कशाला?" असे आई विचारते आणि तुलाही ते पटू लागले आहे. शरीर इतके हलत असताना मनाला बरे का वाटत नाही, हा तुझा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. व्यायामाविषयीचे बहुतेक सल्ले दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांना उद्देशून लिहिलेले असतात आणि त्यांत या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही.

वेचणीचा दिवस कसा जातो ते जरा नीट पाहा. कमरेला ओटी बांधलेली असते, पाठ तासन्‌तास पुढे झुकलेली असते, उकललेल्या बोंडांच्या वाळक्या टोकांनी नखांच्या कडेची कातडी सोलवटून निघते आणि संध्याकाळी काट्यावर जितके किलो भरतात तितकीच मजुरी हाती पडते. किती वेगाने वेचायचे, पाठ केव्हा सरळ करायची, केव्हा थांबायचे, यांपैकी काहीही तुझ्या मर्जीवर नसते. स्वतःचे वावर असले, तरी भाव काय मिळेल, बोंडअळीने किती नेले, पीककर्जाचा हप्ता कसा भरायचा, हे विचार ओळीगणिक सोबत चालत असतात. शरीर तेथे काम करते, परंतु मनाला त्यातून मोकळीक मिळत नाही.

हे केवळ माझे मत नाही. शारीरिक हालचाल आणि मानसिक स्वास्थ्य यांवरील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यात फावल्या वेळात स्वतःहून केलेल्या हालचालीचा संबंध चांगल्या मानसिक स्वास्थ्याशी आढळला, मात्र पोटापाण्याच्या कामातील हालचालीबाबत तसे दिसले नाही. उलट त्या हालचालीचा थोडाफार संबंध मानसिक त्रासाशीच दिसला. शरीराच्या बाबतीतही असाच भेद असल्याचे डेन्मार्कमधील संशोधक आंद्रेआस होल्टरमन यांनी मांडले आहे. कष्टाच्या कामात तेच स्नायू, त्याच अवघडलेल्या स्थितीत, फार वेळ ताणले जातात आणि विसावा पुरेसा मिळत नाही. व्यायामात हृदयाची गती थोडा वेळ नीट वाढते आणि मग शरीराला सावरायला अवकाश मिळतो. म्हणून आईचा प्रश्न रास्त असला, तरी वेचणी केली म्हणजे व्यायाम झाला, हे गृहीतक बरोबर नाही.

येथे एक जुना अभ्यासही सांगायला हवा, कारण तो नेमका उलट अर्थाने वापरला जातो. २००७ साली आलिया क्रम आणि एलेन लँगर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील सात हॉटेलांत खोल्या साफ करणाऱ्या ८४ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांच्यापैकी काहींना, तुमचे हे काम म्हणजेच चांगला व्यायाम आहे, असे समजावून सांगण्यात आले. चार आठवड्यांनी त्यांचे वजन आणि रक्तदाब थोडे उतरलेले आढळले. आपल्या कष्टाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो याचा परिणाम होतो, हे मला मान्य आहे. परंतु हा एक लहानसा अभ्यास आहे. त्याच्या आधारे राबणाऱ्या बाईला "तुझा व्यायाम तर रोजच होतो" असे सांगून गप्प बसवणे मला मुळीच मान्य नाही.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या मनाच्या तीन मूलभूत गरजा मांडल्या आहेत. आपण जे करतो ते आपल्या इच्छेने करतो आहोत असे वाटणे, ते आपल्याला जमते आहे असे वाटणे आणि ते करताना आपली माणसे सोबत आहेत असे वाटणे. या तीन गोष्टी ज्या हालचालीत असतात ती मनाला उभारी देते आणि टिकतेही. आता तुझ्या धावण्याकडे पाहा. ८०० मीटरच्या वेळेसाठी, गुणांसाठी, यादीतील नावासाठी तू धावत होतीस. ग्राउंडची, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीची, तयारी म्हणून ते योग्यच होते. परंतु धावण्याचे सगळे कारण त्या यादीत अडकलेले असल्याने यादी लागली आणि कारणच संपले. त्याहून वाईट म्हणजे तो रस्ता आता तुला अपयशाची आठवण करून देतो. तू आळशी झाली आहेस असे स्वतःला बोल लावून घेऊ नकोस, कारण बाहेरच्या बक्षिसावर उभी असलेली सवय बक्षीस हुकल्यावर बहुधा अशीच मोडते.

म्हणून मी तुला पुन्हा धाव असे सांगते, तेव्हा पूर्वीसारखी धाव असे सांगत नाही. घड्याळ लावू नकोस. व्यायामाच्या तीव्रतेचा मनावर काय परिणाम होतो, याचा पँटेलेमॉन एकेकाकिस या संशोधकांनी दीर्घकाळ अभ्यास केला आहे. श्वास आवाक्यात असतो तोवर बहुतेकांना चालणे-धावणे सुखद वाटते. धाप लागून बोलणे तुटू लागले की जवळजवळ प्रत्येकाला ते नकोसे वाटू लागते आणि थांबल्यावर बरे वाटते. तू भरतीच्या काळात रोज त्या नकोशा पट्ट्यातच धावत होतीस. आता इतक्या हळू जा की सोबतच्या मुलीशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. पांदण रस्त्याच्या चाकोऱ्यांत पाय मुरगळण्याची भीती असते, म्हणून मधल्या सपाट पट्टीवरून जा, आणि सुरुवातीची काही मिनिटे नुसते चाल. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. व्यायाम किती आनंददायक ठरेल याचा अंदाज माणसे प्रत्यक्षापेक्षा कमी बांधतात, कारण त्यांचे लक्ष सुरुवातीच्या नकोशा क्षणांवर खिळलेले असते. पहाटे गोधडीत पडल्यापडल्या "आज नको" असे वाटेल, तेव्हा हा अंदाज चुकीचा असण्याचाच संभव अधिक आहे, हे ध्यानात ठेव.

किती वेळ, असे तू विचारशीलच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल सुचवली आहे. तुला एवढ्याने सुरुवात करायची नाही. नॉर्वेमध्ये सुमारे ३४ हजार प्रौढांचा ११ वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास २०१८ च्या सुमारास पुढे आला. सर्वांनी आठवड्यातून निदान एक तास व्यायाम केला असता तर नैराश्याची १२ टक्के नवी प्रकरणे टळली असती, असा त्याचा अंदाज होता, आणि व्यायाम जोरकस होता की सौम्य, याने फारसा फरक पडला नव्हता. आठवड्याला एक तास वेचणीच्या दिवसांतही निघतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उजाडण्यापूर्वीच परतायला हवे. श्रावणातल्या झडीत काळी माती पायाला गोळ्यांनी चिकटते, तेव्हा ओसरीत दोरीवरच्या उड्या किंवा सूर्यनमस्कार पुरेत.

सोबतीचा प्रश्न मात्र अवघड आहे. भारतात २०२२ साली प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे ५७ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे ४२ टक्के जणांची हालचाल अपुरी पडत होती. हा फरक इच्छेचा नाही, मोकळ्या रस्त्याचा आणि मोकळ्या वेळेचा आहे. आपल्या विदर्भाला व्यायामाची थोर परंपरा आहे. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले आणि तेथील पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पण गावोगावच्या आखाड्यांत मुलींना जागा क्वचितच मिळाली. भरतीच्या नावाखाली तुला पहाटे रस्त्यावर जाण्याची मुभा होती आणि भरती संपताच ती मुभाही संपली, हे तुझ्या जडपणाचे एक कारण असावे, असे मला वाटते. गावातल्या आणखी दोन मुलींना गाठ. शाळेचे मैदान सकाळी उघडे ठेवण्याविषयी तुम्ही मिळून मुख्याध्यापकांशी बोला. तुम्ही ग्रामसभेतही तशी मागणी करू शकता.

एक तपासणी आधी करून घे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही बराच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आणि सिकलसेल या दोन्ही तपासण्या कर. थकवा रक्ताचा असेल, तर धावण्याने तो जाणार नाही. सिकलसेलचा आजार असेल, तर अतिश्रम आणि पाण्याची कमतरता घातक ठरते, म्हणून मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल उचलू नकोस.

आणि मन केवळ जड न राहता जगणेच नको वाटू लागले, तर धावण्यावर विसंबून राहू नकोस. १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा शासनाचा टेलिमानस मदतक्रमांक आहे. तो विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात १९९९ साली पन्नाशीपुढच्या १५६ नैराश्यग्रस्तांवर झालेल्या अभ्यासात १६ आठवड्यांनंतर व्यायाम औषधाइतकाच उपयोगी ठरला, हे खरे आहे. परंतु तो व्यायाम देखरेखीखाली होता आणि ते लोक उपचारासाठी स्वतःहून पुढे आले होते.

एक वही कर. निघण्यापूर्वी मन कसे होते आणि परतल्यावर कसे आहे, एवढ्या दोनच ओळी तीत लिही. अंतर, वेळ, वेग यांची नोंद नको. महिनाभराने ती वही मला पाठव. कोणत्या दिवशी, कोणाबरोबर आणि कोणत्या वेळी तुला बरे वाटते हे त्यावरून आपल्या दोघींना कळेल आणि पुढचे वेळापत्रक आपण त्यानुसारच बसवू. भरतीची नवी जाहिरात निघाली आणि तुझी स्वतःची इच्छा असली, तर ८०० मीटरच्या वेगाचा सराव आठवड्यातून फक्त दोन दिवस, या धावण्यापासून वेगळा कसा ठेवायचा, ते मी सविस्तर कळवीन.

तुझी,
मॅडम