‘तुझ्यामुळेच बाळ आजारी पडलं’ असं चार वर्षांच्या मुलीला सांगितलं गेलंय

प्रश्न : ताई नमस्कार. मी म्हापशाला राहते, सासरचं मूळ घर शिरोड्याला. मुलगी चार वर्षांची, केजीत जाते, आणि बाळ साडेतीन महिन्यांचं. चवथीला सगळे मूळ घरी गेलो, दीड दिवसाचा गणपती, घरात तीसेक माणसं, जो तो बाळाला उचलून घेत होता, पापे घेत होता. मुलीला आधीपासून सर्दी होती, पण केजीतल्या मुलांना ती असतेच म्हणून मी फारसं मनावर घेतलं नाही. विसर्जनाच्या रात्री बाळाचं नाक गच्च झालं, दुसऱ्या दिवशी खोकला, सासूबाईंनी ओव्याची धुरी दिली, मीही नको म्हटलं नाही. म्हापशाला परत आलो आणि तिसऱ्या रात्री ते अंगावर घेतलं की दोन घोट पिऊन सोडून द्यायचं, रडायचं, पोट भात्यासारखं हलत होतं आणि फासळ्यांमध्ये खड्डे पडत होते. मिस्टरांनी १०८ ला फोन केला. डॉक्टर म्हणाले ब्रॉन्किओलायटिस आहे. चार दिवस ऑक्सिजन, त्यातले दोन दिवस नाकातून नळी घालून माझंच दूध काढून दिलं, सहाव्या दिवशी डिस्चार्ज. आता घरी येऊन आठवडा झाला, बाळ पितंय, हसतंय, पण खोकला अजून आहे. मी रात्रभर त्याचे श्वास मोजत बसते.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. मी हॉस्पिटलात असताना सासूबाई मुलीला म्हणाल्या, ‘तुझ्या सर्दीमुळेच बाळाला न्यावं लागलं, आता जवळ जाऊ नको.’ हे मला जाऊबाईंकडून कळलं. आता ती बाळाच्या खोलीत येतच नाही, दारात उभी राहते, बोलावलं तर पळून जाते. मिस्टर आईला काही बोलत नाहीत, गप्प बसतात. मला सासूबाईंचा राग येतो आणि स्वतःचाही, कारण धुरी तर मीच देऊ दिली ना. चूक नक्की कुणाची?

उत्तर : तू ताई म्हटलंस म्हणून मीही तू म्हणते. मी चोवीस वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स होते आणि हा शेवटचा प्रश्न मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलाय, कधी कॉटशेजारी, कधी जिन्यात, कधी दूध काढता काढता.

आधी आजाराचं सांगते, कारण तो कळला की अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. हा आजार बहुतेक वेळा आरएसव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला या विषाणूची लागण एकदा तरी होऊन जाते. मोठ्या माणसाला, चार वर्षांच्या मुलाला त्याने नाक वाहतं, बस. बाळाच्या फुप्फुसातल्या नळ्या मात्र इतक्या बारीक असतात की थोडी सूज आली, थोडा चिकट कफ साठला की हवा अडते, त्यात एवढी लहान बाळं श्वास मुख्यतः नाकानेच घेतात, म्हणून नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही. म्हणजे तुझ्या मुलीला आणि बाळाला कदाचित एकच विषाणू झाला असेल, फरक पडला तो नळीच्या रुंदीमुळे. आणि ‘कदाचित’ मी मुद्दाम म्हणते, कारण त्या घरात तीस माणसं होती, चवथीच्या दिवसांत कोण खोकत होतं, कोण माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळा-पानांची सजावट, बांधून तसेच हात न धुता बाळाला घ्यायला आलं, हे कोण सांगणार? हा विषाणू हातांवरून आणि भांडी-खेळण्यांवरूनही जातो. तो नेमका चार वर्षांच्या पोरीकडूनच आला असं ठरवायला कुणाकडे काही आधार नाही, आणि असता तरी मी तेच म्हटलं असतं, तिची चूक नाही.

तू केलंस ते बरोबरच केलंस. नाक चोंदल्यापासून तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या दिवशी हा आजार सगळ्यात जड होतो, तुझं बाळही तिसऱ्या रात्रीच जड झालं. आदल्या दिवशी तू डॉक्टरांकडे गेली असतीस तरी त्यांनी बहुधा नाक मोकळं ठेवा, दूध थोडं थोडं पाजा, लक्ष ठेवा असंच सांगितलं असतं. विषाणू मारायचं औषध नाही, अँटिबायोटिक यावर चालत नाही, हॉस्पिटलात देतात ते मुळात ऑक्सिजन, नाक साफ करणं आणि दूध किंवा सलाईन, बाकी काम बाळाचं शरीरच करतं. धुरी मात्र पुन्हा नको. धूर कुठलाही असो, ओव्याचा, उदबत्तीचा, डासांच्या कॉइलचा, सुजलेल्या नळ्यांना तो त्रासच देतो. नाकात तेल नको, छातीला बाम नको, एक वर्षापर्यंत मध नको. पण ही धुरी पिढ्यान् पिढ्या मायेने दिलेली आहे, सासूबाईंनी वाईट हेतूने दिलेली नाही, तूही नाही.

खोकला दोन-तीन आठवडे राहतो, घाबरू नको. श्वास मोजायचे तर बाळ शांत झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघून मोज, दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त असतील तर डॉक्टरांना दाखव. छाती आत ओढली जाते, कण्हल्यासारखा आवाज येतो, नेहमीच्या निम्म्याहून कमी पितंय, लघवी कमी झालीय, ओठ निळसर दिसतात, श्वास मध्येच थांबतो, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नको, थेट हॉस्पिटल. पण हे दिवसातून तीन-चारदा बघायचं, रात्रभर नाही. रात्री दहा ते दोन मिस्टरांनी बाळाजवळ बसायचं, तू दुसऱ्या खोलीत झोपायचं, पाजायला तेवढं बाळ तुझ्याकडे आणायचं, इथे मी विनंती नाही सांगणं करतेय. तुझं दूध टिकायलाही झोप लागते. आणि दोन आठवडे झाले तरी झोप येत नसेल, रडू आवरत नसेल, तर डॉक्टरांशी बोल, नाहीतर टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर, तो फुकट आहे, त्यात लाजायचं काही नाही.

आता मुलीबद्दल, माझं सगळं मन तिथेच अडकलंय. चार वर्षांच्या मुलाला जग असंच वाटतं की आपण मनात आणलं ते घडलं, आपण रागावलो म्हणून कुणीतरी आजारी पडलं. नवीन बाळ आल्यावर तिला थोडा तरी राग आला असणार, प्रत्येक मोठ्या भावंडाला येतो. त्यात एका रात्री सायरनवाली गाडी आली, आई निघून गेली, सहा दिवस आली नाही, आणि आजीने सांगितलं की हे तुझ्यामुळे. तिला ते खरंच वाटलेलं आहे, म्हणून ती दारात उभी राहते. आतमध्ये तिला खूप भीती असणार.

तिला मांडीवर घे आणि तिच्या भाषेत, एकदा नाही, रोज थोडं थोडं सांग : ‘बाये, बाळाला सर्दी झाली होती, सर्दी सगळ्यांना होते, तुला झाली, पप्पांना होते, बाळाचं नाक छोटं म्हणून त्याला त्रास झाला. तू काही केलं नव्हतंस. तू त्याच्यावर रागावली होतीस तरी त्याने कुणी आजारी पडत नाही.’ हे शेवटचं वाक्य चुकवू नको. मग तिला खेळू दे हॉस्पिटल-हॉस्पिटल, बाहुलीच्या नाकाला दोरा चिकटवून नळी करू दे, वॉर्डात बाळाच्या बोटाला तो लाल दिवा लावला होता त्याची गोष्ट सांग, गाडीत बसलीस तेव्हा तुला तिची आठवण येत होती हेही सांग. आणि काम दे. बाळाला घ्यायच्या आधी प्रत्येकाने साबणाने हात धुतले की नाही हे बघायचं, आजीपासून आजोबांपर्यंत, कुणाला सूट नाही. सर्दी असेल त्या दिवशी बाळाचं तोंड नाही, पाय धरायचे. मुलं हे फार गंभीरपणे करतात, आणि दारातून आत यायला तिला एक कारण मिळतं.

सासूबाईंशी बोलायचं ते मिस्टरांनी, तू नाही. तू बोललीस तर ते सासू-सुनेचं होईल आणि मुलगी बाजूला राहील. नातवाला न्यायला १०८ आलेली बघून त्याही हादरल्या असणार, भीतीला कुणीतरी जबाबदार लागतं, सगळ्यात लहान माणूस हाताशी होतं. मुलाने आईला एवढंच म्हणावं, ‘आई, डॉक्टरांनी सांगितलंय कुणाची चूक नाही, तू पोरीला हे सांग, तुझ्याच तोंडून सांग.’ कारण जे आजीने घातलंय ते आजीनेच काढलं तर लवकर निघतं. ते गप्प आहेत म्हणजे त्यांना पर्वा नाही असं मी धरत नाही, रात्री फोन त्यांनीच केला ना? पण आता गप्प बसणं परवडायचं नाही, रोज दारात उभी राहणारी ती मुलगी त्यांचीही आहे.

प्रश्न : आमच्या फोंड्यातल्या बिल्डिंगमधलं दोन महिन्यांचं बाळ श्वासाच्या त्रासाने अ‍ॅडमिट आहे. भेटायला जावं का? नाही गेलो तर माणुसकी नाही म्हणतील.

उत्तर : वॉर्डात जाऊ नका. आपल्याला साधा खोकला असेल तर तो तिथल्या सगळ्या बाळांसाठी जड पडू शकतो, आणि दर भेटीला ती आई तीच गोष्ट पहिल्यापासून सांगते, त्यात तिचा जीव जातो. मोठं मूल असेल तर त्याला शाळेतून आणायचं काम मागून घ्या. घरात दीनदयाळ कार्ड, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं कार्ड, असेल तर ते शोधून हॉस्पिटलात पोचवा, म्हणजे योजनेत काय बसतं ते त्यांना तिथेच विचारता येईल. आई पाजत असेल तर तिला भूक फार लागते आणि वॉर्डातून तिला हलता येत नाही, तेव्हा सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि भाजी, संध्याकाळी पोळी-आमटी बाबांच्या हाती पाठवा. डबा परत द्यायची घाई नाही असं सांगा, बाळाचं कसं काय ते विचारू नका, त्यांनी सांगितलं तर ऐका, आणि दारातूनच परत फिरा.