जर्मनीला तिघांपैकी आधी कोणी यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहात, पत्नी जीएनएम ही नर्सिंगची पदविका करून आयसीयूत काम करते, धाकटा भाऊ आयटीआयचा इलेक्ट्रिशियन आहे. बेत असा की आधी तुम्ही नोकरी मिळवून जर्मनीत यायचं, मग पत्नीला डिपेंडंट म्हणून आणायचं, आणि भावाचं पुढे बघायचं. मी स्टुटगार्टजवळ राहते आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. माझं मत सरळ सांगते: हा क्रम बदला. तुमच्या घरात इथल्या बाजारात सगळ्यात जास्त मागणी असलेली व्यक्ती तुम्ही नाही, तुमची पत्नी आहे.

तुम्हाला दोन उलटसुलट बातम्या दिसत असतील. एकीकडे ‘जर्मनीला माणसं हवीत’, दुसरीकडे ‘बेरोजगारी वाढली’. दोन्ही खऱ्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये इथल्या बेरोजगारांची संख्या दहा वर्षांत पहिल्यांदा ३० लाखांच्या वर गेली. आणि त्याच वेळी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जन्मलेली मोठी पिढी निवृत्त होते आहे. १९६४ साली या देशात साडेतेरा लाखांहून जास्त मुलं जन्माला आली, तो युद्धानंतरचा उच्चांक आहे. ती माणसं आता साठी ओलांडून गेली. सांख्यिकी कार्यालयाच्या हिशोबानुसार २०३६ पर्यंत सुमारे १ कोटी २९ लाख काम करणारी माणसं निवृत्तीचं वय पार करतील. त्यात परिचारिका आहेत, वीजतंत्री आहेत, बसचालक आहेत. नोकऱ्या जाताहेत त्या मात्र मुख्यतः कारखान्यांतून आणि त्यांना जोडलेल्या कार्यालयांतून. गिअरबॉक्स विभागातून कमी केलेला माणूस वॉर्डात रुजू होत नाही, म्हणून एकाच शहरात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी घडतात.

आधी तुमच्या क्षेत्राबद्दल, कारण ते मी रोज पाहते. फोक्सवागनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी करार केला, त्यात २०३० पर्यंत ३५,००० हून अधिक जागा कमी करायचं ठरलं. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या झेडएफने २०२४ मध्येच २०२८ अखेरपर्यंत १४,००० पर्यंत जागा कमी करण्याचं जाहीर केलं. मोठ्या कंपन्या अशा आवळतात तेव्हा आमच्यासारख्या पुरवठादारांकडे आधी बाहेरून घेतलेले कंत्राटी लोक जातात, मग रिकाम्या जागा भरणं थांबतं, आणि टेस्टिंगचं काम भारतातल्या कार्यालयाकडे वळतं. म्हणजे तुम्ही जे काम करायला इथे यायचं म्हणता, तेच काम इथून तिकडे चाललं आहे. माणसं अजूनही घेतात ती एम्बेडेड (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर), फंक्शनल सेफ्टी, सायबर सुरक्षा, एसएपी (कंपनीचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) अशा कामांसाठी, आणि जाहिरातीत जर्मन बी२ किंवा सी१ मागतात (भाषेच्या पातळ्या ए१ पासून सी२ पर्यंत चढत जातात). माझ्या टीमची सकाळची मीटिंग पूर्वी इंग्रजीत व्हायची. टीम लहान झाली, उरलेल्यांचं बोलणं थेट प्लांटमधल्या लोकांशी होऊ लागलं, आणि काही महिन्यांत मीटिंग जर्मनमध्ये गेली. तसं कोणी ठरवलं नव्हतं.

एका गोष्टीने बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. व्हिसाचे नियम सैल झाले ते नेमके बाजार आकसत असताना. ब्लू कार्ड या कुशल नोकरदारांच्या परवान्यासाठी २०२५ मध्ये वर्षाला ४८,३०० युरो पगार लागत होता, आयटीसारख्या टंचाईच्या व्यवसायांना ४३,७५९.८० पुरत होता, आणि नोव्हेंबर २०२३ पासून आयटीवाल्यांना पदवी नसली तरी गेल्या सात वर्षांतला तीन वर्षांचा अनुभव चालतो. हे वाचून वाटतं की बोलावताहेत. पण कायद्याने दार उघडलं म्हणजे आत जागा आहे असं नाही. शिवाय नोकरी मिळाली तरी बहुतेक करारांत पहिले सहा महिने प्रोबेशन असतं, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. बेरोजगारी भत्त्यासाठी आधी बारा महिने हप्ते भरलेले असावे लागतात. नवीन माणसाच्या हातात त्या काळात काहीच नसतं, आणि राहण्याचा परवाना नोकरीवर टांगलेला असतो.

चान्सनकार्टबद्दल विचारलंत. जून २०२४ पासून हा मार्ग आहे: गुणांवर नोकरी शोधायला एक वर्षाचा परवाना, आठवड्याला २० तास काम, आणि २०२५ च्या हिशोबाने महिन्याला १,०९१ युरोंची सोय दाखवायची. टेस्टिंगच्या अनुभवावर, जर्मनशिवाय, या मार्गाने येऊ नका. वर्षभर खाण्याची पार्सलं पोचवून परत गेलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत.

आता तुमच्या पत्नीबद्दल. ती डिपेंडंट म्हणून आली तर तिला काम करायची पूर्ण परवानगी असेल, आणि तरीही तिचं नुकसान होण्याची शक्यता मोठी आहे. इथे जवळपास निम्म्या नोकरदार स्त्रिया अर्धवेळ काम करतात. पुरुषांत हे प्रमाण आठातल्या एकाच्या आसपास आहे. पाळणाघरात जागा मिळायला वेळ लागतो, आणि नवरा-बायकोच्या एकत्र करपद्धतीत कमी पगार असलेल्याच्या हातात दर महिन्याला फारच थोडं पडतं. त्यामुळे उच्चशिक्षित मराठी मुलीसुद्धा ‘आधी थोडं जर्मन होऊ दे’ म्हणत मिनिजॉबवर, म्हणजे मर्यादित पगाराच्या छोट्या नोकरीवर (२०२५ मध्ये महिन्याला ५५६ युरोंपर्यंत), अडकलेल्या मी पाहते. आयसीयूचा अनुभव असा वाया जाऊ देऊ नका.

तिने स्वतःच्या नावावर यावं. परिचारिकेचा व्यवसाय इथे नियमन केलेला आहे, म्हणून आधी पदविकेची मान्यता लागते, तिला आनेरकेनुंग म्हणतात. ज्या राज्यात काम करायचं तिथल्या अधिकाऱ्यांकडे अर्ज जातो; बाडेन-व्युर्टेम्बर्गसाठी, म्हणजे माझ्या राज्यासाठी, तो स्टुटगार्टच्या रेगीरुंग्सप्रेझिडियम या प्रशासकीय कार्यालयाकडे. ते जीएनएमचा अभ्यासक्रम तासातासाने इथल्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतात आणि सहसा काही कमतरता काढतात. ती भरून काढायला दोन पर्याय: रुग्णालयात काही महिन्यांचा अनुकूलन अभ्यासक्रम, नाहीतर एक परीक्षा. तोवर सहायक म्हणून पगार मिळतो. वृद्धांच्या काळजीकेंद्रांत पात्र परिचारिकेचं किमान वेतन जुलै २०२५ मध्ये तासाला २०.५० युरो झालं, तेव्हा देशाचं सर्वसाधारण किमान वेतन १२.८२ होतं. रुग्णालयांत बहुतेक सामूहिक करारानुसार पगार ठरतो.

जर्मन बी२ लागतंच, आणि ते प्रमाणपत्रापुरतं असून चालत नाही. माझी एक मैत्रीण इथे परिचारिका आहे. ती सांगते, पाळी बदलताना दहा-पंधरा मिनिटांत सगळ्या रुग्णांची माहिती पुढच्या पाळीला द्यायची असते: कोणाला काय दिलं, कोण रात्री घाबरला, कोणाच्या मुलीचा फोन आला. सहकारी इथल्या श्वाबियन बोलीत बोलतात. रात्री डॉक्टर फोनवर औषधाची मात्रा सांगतात आणि ती एकदा ऐकून बिनचूक लिहावी लागते. दुसरी गोष्ट पत्नीला आत्ताच सांगून ठेवा: रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं ही इथे प्रशिक्षित परिचारिकेचीच कामं आहेत. आपल्याकडच्या आयसीयूतून आलेल्या अनेकींना सुरुवातीला आपलं कौशल्य कमी लेखलं जातंय असं वाटतं. आधीपासून ठाऊक असलं तर तो धक्का पचतो.

आणि एजंटला पैसे देऊ नका. परिचारिकांच्या भरतीचा खर्च मालकाने करायचा, हे इथल्या ‘फेअर आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलँड’ या सरकारी गुणवत्ताचिन्हाचं तत्त्व आहे. चिन्ह असलेली संस्था शोधा. करारात ‘इतक्या वर्षांत सोडलंत तर इतके युरो परत’ असं कलम असेल तर सही करण्याआधी कोणाकडून तरी नीट वाचून घ्या.

भावाचं ‘पुढे बघू’ करू नका, कारण वय निघून जातं. इलेक्ट्रिशियनची टंचाई खरी आहे: सोलर, हीट पंप, जुन्या इमारतींचं वायरिंग. पण इथला हाच अभ्यासक्रम साडेतीन वर्षांचा आहे, त्यामुळे आयटीआयला अनेकदा अर्धवट मान्यता मिळते. मार्च २०२४ पासून मान्यतेची प्रक्रिया चालू असतानाच कामावर घेता येतं, त्यासाठी जर्मन ए२ पुरतं. मात्र प्रक्रिया पूर्ण करायला तयार असलेला मालक हवा. भाऊ पंचविशीच्या आत असेल तर मी त्याला आउसबिल्डुंग, म्हणजे इथलं पगारी व्यावसायिक प्रशिक्षण, सुचवेन. बी१ जर्मन करावं, पगार घेत शिकावं, आणि शेवटी हातात इथलंच प्रमाणपत्र असावं. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात त्याच्यासारखे तंत्री आणि परिचारिका दोन्ही येतात. चौकशी जरूर करा, पण त्यावर विसंबून भाषा लांबणीवर टाकू नका.

तुमच्या संपूर्ण पत्रात पत्नीला काय हवं आहे ते कुठेच आलेलं नाही. माझ्या सांगण्यावरून उद्या तिच्यावर सगळ्या घराच्या व्हिसाचं ओझं पडायला नको. तिला परदेशी वॉर्डात पहिली दोन वर्षं काढायची तयारी आहे का, हे तिलाच विचारा, आणि उत्तर ‘नाही’ आलं तर ते मान्य करा. मग तुम्ही तिथेच राहून सायबर सुरक्षा किंवा एम्बेडेडकडे वळा, बी२ करा, आणि तिथे बसून अर्ज करत राहा.

ती ‘हो’ म्हणाली तर दोघांनी मिळून जर्मनचा क्लास लावा. तिच्यानंतर तुम्ही याल तेव्हा भाषा तुम्हालाही लागणारच. नर्सिंग कॉलेजातून विषयवार तासांचा तपशील असलेलं ट्रान्स्क्रिप्ट आणि प्रत्येक रुग्णालयातून विभाग व तारखा लिहिलेलं अनुभवपत्र याच महिन्यात मागवा. या कागदांनाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि तासांचा तपशील नसेल तर अर्ज परत येतो. ट्रान्स्क्रिप्ट हातात आलं की मला पाठवा, मी मैत्रिणीला दाखवून कमतरता कुठे निघतील ते विचारून सांगते.