बाटिकची गोधडी: रंग सुटतो, सुई अडते, चांदणी हरवते

मागच्या अंकात गोधडीबद्दल लिहिताना "एखादा पदर बाटिकचा लावून बघा, छान दिसतो" असं एका ओळीत लिहून मी मोकळी झाले, आणि महिनाभर त्याचीच पत्रं येतायत. बऱ्याच जणींनी खरंच लावून बघितलंय आणि बऱ्याच जणी माझ्यावर चिडल्यात. तेव्हा यावेळी सदरात फक्त बाटिक, म्हणजे मेणाने नक्षी झाकून रंगवलेलं कापड.

इंदिरानगरहून एक आजी लिहितात: नातवासाठी दुपटं शिवलं, मरून बाटिक आणि पांढरा मांजरपाट असे आलटून पालटून चौकोन. शिवायच्या आधी बाटिक रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजत ठेवलं होतं, आमच्या आईपासूनची रीत आहे. तरी पहिल्याच धुण्यात सगळा पांढरा गुलाबी झाला. सून काही बोलली नाही, पण तिचा चेहरा बघवेना. काही करता येईल का?

आजी, तुमचं पत्र वाचून मी अंकाची वाट न बघता तुम्हाला फोन केलाच होता, पण बाकीच्यांसाठी परत लिहिते, कारण हेच रडगाणं अजून चार पत्रांत आहे.

रंग लागलेलं कापड वाळू द्यायचं नाही आणि इस्त्री तर अजिबात नाही. बादली नको, मोठा टब घ्या, कारण रंगाला पसरायला भरपूर पाणी लागतं. गिझरचं चांगलं कडक पाणी, त्यात भांडी घासायचं लिक्विड छोटी अर्धी वाटी, आणि दुपटं पूर्ण बुडलेलं पाहिजे, वर फुगून आलं तर ताटली ठेवून दाबा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी पाणी लाल झालेलं दिसेल, ते ओता, परत गरम पाणी आणि परत लिक्विड, पाणी स्वच्छ राहीपर्यंत. गरम पाण्याने जास्तीचा सुटा रंग मोकळा होतो आणि साबण त्याला पाण्यातच तरंगत ठेवतो, पांढऱ्यावर जाऊन बसू देत नाही, एवढंच त्यातलं गुपित. ब्लीचला मात्र हात लावू नका, मरूनसकट सगळं जाईल. आजींचं तिसऱ्या पाण्यात बरंचसं निघालं, एका कोपऱ्यात हलकी गुलाबी झाक राहिलीय आणि तिथे त्या आता हत्ती भरणार आहेत.

मिठाचं म्हणाल तर आजी, रागावू नका, पण मीठ रंगवताना कामाचं असतं, काही रंगांना कापडाकडे ढकलायला. एकदा रंगवून झालेल्या कापडाचा रंग मिठाने बांधला जात नाही. तुरटीचंही तेच, ती वनस्पतींच्या रंगांसाठी आणि बहुतेक वेळा रंगवायच्या आधी लावायची वस्तू. व्हिनेगर लोकर-रेशमाच्या रंगांत चालतं, सुतीला त्याचा फक्त वास येतो.

बाटिकमध्येच हे जास्त का होतं? बाटिक म्हणजे मेणाने नक्षी झाकायची आणि उरलेलं रंगवायचं. मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे उकळता रंग वापरताच येत नाही, रंग थंडच हवा. आपल्याकडे येणारं उज्जैनच्या भेरूगडचं किंवा कच्छमधलं मुंद्रा-मांडवीकडचं बाटिक त्यामुळे बऱ्याचदा नॅफ्थॉल रंगात बुडवलेलं असतं. त्यात कापड आधी एका पाण्यात आणि मग दुसऱ्या पाण्यात घालतात आणि रंग तिथल्या तिथे कापडातच तयार होतो. तो आत बसला की धुण्याला बऱ्यापैकी पक्का, पण वरच्या वर राहिलेला भाग घासला की निघतो. म्हणून दोन टेस्ट करा. एक, ओला पांढरा रुमाल घेऊन कापडावर दहा वेळा चोळा. दुसरी, बाटिकचा तुकडा आणि मांजरपाटाचा तुकडा एकाच वाटीत गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. मरून, गडद निळा, काळा, हे तीन असतील तर टेस्ट चुकवूच नका. आणि मांजरपाटही आधी धुवून घ्या, कारण बाटिक मेण काढताना उकळून आलेलं असतं, ते आधीच आटलेलं असतं, मांजरपाट मात्र तुमच्या घरी येऊन आटतो आणि मग चौकोन चुरगळतात.

देवळालीहून एक निवृत्त काका: मिसेसची जुनी मशीन मी आता चालवतो (हसू नका). एका व्हिडिओत बघितलं की बाटिकला बारीक सुई लागते, स्टार्च नको, धागे निघत नाहीत. मी नाशिकच्या मेन रोडवरून बाटिक आणलं तर त्याचे धागे नुसते भसाभस निघतायत. उलट मुलीने बाहेरून पाठवलेल्या बाटिकवर सोळा नंबरची सुई टाका सोडते आणि उसवलं की भोकं दिसतात. काय चुकतंय?

काका, हसत नाहीये, उलट तुमचं पत्र मी दोनदा वाचलं कारण सगळ्या गोंधळाचं मूळ तुम्ही बरोबर पकडलंय. तुमच्याकडे दोन वेगळी कापडं आहेत आणि दोघांचं नाव एकच.

व्हिडिओतलं बाटिक हे बहुतेक इंडोनेशियातलं, जावा नाहीतर बालीचं, परदेशातल्या क्विल्ट करणाऱ्यांसाठी बनवलेलं. ते मुळातच फार घट्ट विणीच्या पांढऱ्या कापडावर तांब्याच्या ठशाने मेण लावून करतात, त्या ठशाला तिकडे चाप म्हणतात. वीण घट्ट म्हणून धागे कमी सुटतात, तिरकं कापलं तरी कमी ताणलं जातं, हातात कागदासारखं उभं राहतं. आपलं मेन रोडवरचं बाटिक ड्रेससाठी बनलेलं असतं, केंब्रिक म्हणजे बारीक सुती कापड, नाहीतर त्याहून पातळ, अंगाला मऊ लागावं म्हणून. त्याला व्हिडिओतले नियम लावले तर ते काय ऐकणार. तुमच्या मुंबईच्या पुतण्याला पंचवटीचे रस्ते विचारण्यासारखं आहे ते.

ओळखायची सोपी रीत, कापड उजेडासमोर धरा आणि टाचणी टोचा. घट्ट विणीत टाचणी जाताना बारीकसा टप्प आवाज येतो आणि काढल्यावर भोक दिसत राहतं. सैल विणीत आवाज नाही, भोकही लगेच बुजतं.

मुलीने पाठवलेल्याला अकरा नंबरची सुई लावा, नवी कोरी, टोकदार. टी-शर्टच्या कापडाला वापरतात ती गोल टोकाची सुई चुकूनही नको. दोरा बारीक सुती. सोळा नंबर ही जीन्सची सुई, तिने घट्ट धाग्यांना बाजूला सारण्याऐवजी तोडून टाकलं असणार. भोकं पडलीत तिथे पाण्याचा थेंब लावून नखाने आडवं-उभं घासा, धागे तुटले नसतील तर बुजतात. आणि शिलाई एका बाजूला न दाबता उघडून दाबा, नाहीतर चार कोपरे जिथे भेटतात तिथे बटणाएवढी गाठ येते आणि मशीन तिथेच अडते.

आपल्या मेन रोडवाल्याला उलट. कापायच्या आधी स्टार्च मारून कडक इस्त्री करा, शिलाई पाव इंचाऐवजी थोडी जास्त धरा, आणि कापलेले तुकडे चार दिवस पिशवीत कोंबून ठेवू नका, लगेच शिवा.

सिन्नरहून: मी हातानेच गोधडी शिवते, सासूबाईंसारखी, कडेपासून आत चौकोनात धावदोरा. पण वरती बाटिक लावल्यापासून अंगठा दुखतोय, सुई जातच नाही.

आधी टाचणीची टेस्ट करा. सैल विणीचं निघालं तर दोष बाटिकचा नाही, आतल्या थरांचा आहे. आत किती साड्या घातल्यायत? सिंथेटिक साडी असेल तर तीच सुई धरून ठेवते, आत जुनी सुती साडी नाहीतर धोतर घाला. घट्ट विणीचं निघालं तर मात्र त्याच्याशी भांडू नका. गोधडीची जाडी सुई ठेवून द्या, आखूड बारीक सुई घ्या, मधल्या बोटात अंगुस्तान घाला आणि एका वेळी चार-पाच टाके सुईवर घेण्याऐवजी दोनच घ्या. तेही नको वाटत असेल तर दर चार इंचांवर जाड दोऱ्याची पक्की गाठ मारून थर बांधून टाका, तीही रीत आहे. घट्ट बाटिकवर नाजूक टाका तसाही नीट उठून दिसत नाही, नक्षीत हरवतो. अंगठ्याचं एवढं हाल करून दिसणार नसेल तर कशाला?

मला विचाराल तर हाताने शिवायची असेल तर आपलं भेरूगडच बरं. नाशिकची डिसेंबर-जानेवारीतली थंडी काढायला मऊ गोधडीच लागते, कागदासारखी नाही.

गंगापूर रोडवरून एक मुलगी: ताई, मी आठ टोकांची चांदणी केली, निळ्या बाटिकच्या आत जांभळं बाटिक. तुकडे इतके परफेक्ट बसले होते! पण पूर्ण झाल्यावर चांदणी दिसतच नाही. पाच फुटांवरून नुसता डाग.

अगं, बाटिकच्या प्रेमात पडलेल्या प्रत्येकीची पहिली गोधडी अशीच असते, माझीही होती. बाटिकमध्ये साधा सपाट रंग जवळजवळ नसतोच, एकाच कापडात फिकं, गडद, मेण तडकून उमटलेल्या भेगांच्या रेषा, सगळं असतं. दोन बाटिक शेजारी आली की कडा एकमेकांत विरघळतात. चांदणीला कड लागते.

मोबाईल काढ, सगळे तुकडे जमिनीवर मांड आणि फोटो ब्लॅक अँड व्हाइट कर. निळं आणि जांभळं दोन्ही तुला एकसारखं करडं दिसेल, तीच तुझी चांदणी गेलेली जागा. फोटोत ठळक फरक दिसला तरच कापायला घे. माझी सवय अशी की नक्षीचा भाग बाटिकचा आणि मागची जमीन एकदम शांत, मांजरपाट किंवा एकरंगी सुती. काहीजणी म्हणतात की सगळं बाटिकच छान दिसतं, दिसत असेल, मला ते लग्नातल्या जेवणात चार गोड पदार्थ एका ताटात आल्यासारखं वाटतं. तुझी झालेली चांदणी उसवू नकोस. टोकांच्या कडेने पांढऱ्या जाड दोऱ्याने धावदोरा घाल, निदान आकार तरी परत येईल.

उलट-सुलट कशी ओळखायची? आणि बाटिक खरं की नुसती प्रिंट? (हा प्रश्न तिघींनी विचारलाय.)

दोन्हीचं उत्तर एकच. मेण लावून रंगात बुडवलेलं कापड दोन्हीकडून जवळजवळ सारखंच दिसतं, त्यामुळे हवी ती बाजू वर घ्या. मागची बाजू फिक्कट आणि भेगा फक्त पुढे, तर ती बाटिकसारखी छापलेली प्रिंट. त्या भेगांच्या रेषा मेण तडकल्यावर रंग आत शिरून येतात, म्हणून खऱ्या कापडात कुठल्याच दोन सारख्या नसतात. एक मीटरभर अंतरावर हुबेहूब तीच भेग परत दिसली तर समजून जा.

कापड कडक आहे आणि घासलेटसारखा वास येतोय, टाकून देऊ का?

टाकू नका, थोडं मेण राहिलंय. साध्या खाकी कागदाच्या दोन घड्यांमध्ये ठेवून गरम इस्त्री फिरवा, कागदावर तेलकट डाग उमटतील, कागद बदलत राहा. वर्तमानपत्र वापरू नका. मी एकदा घाईत वापरलं आणि पिवळ्या बाटिकवर फ्लॅटच्या जाहिरातीतलं "फक्त काही दिवस शिल्लक" उलटं उमटलं. ते कापड अजून कपाटात आहे, कापवतही नाही आणि देववतही नाही.

नाशिक रोडहून: सिंगल बेडच्या गोधडीला किती बाटिक घेऊ? प्रदर्शनात गेलं की अंदाजच येत नाही, कधी उरतं कधी पुरत नाही.

साठ बाय नव्वद इंच धरू. दहा इंचाचे तयार चौकोन म्हणजे आडवे ६, उभे ९, एकूण ५४. अर्धे बाटिक, अर्धे एकरंगी, म्हणजे बाटिकचे २७. शिलाई धरून प्रत्येक चौकोन साडेदहा इंचाचा कापायचा. पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, चार बसले तर सात ओळी लागतात, साडेत्र्याहत्तर इंच, म्हणजे एक मीटर सत्त्याऐंशी सेंटीमीटर. दोन मीटर घ्या.

पण इथेच फसगत होते. चार चौकोनांना बरोब्बर ४२ इंच लागतात. दुकानदार ४४ चा पन्हा म्हणतो, दोन्ही किनारी सोडल्या आणि घरी धुतलं की कधीकधी ४२ भरत नाही, मग चारऐवजी तीनच बसतात आणि सातऐवजी नऊ ओळी लागतात, म्हणजे अडीच मीटर. म्हणून पर्समध्ये टेप ठेवा आणि किनार सोडून मोजा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. आणि एकदम सगळं घ्या. हाताने बुडवलेल्या रंगाचा दुसरा ताका कधीच तंतोतंत तोच येत नाही, पुढच्या महिन्यात तेच मरून मागायला गेलात तर तो विटकरी दाखवेल आणि शपथेवर सांगेल की ताई हेच होतं.