शंभर टनांतले पाच टन

तुला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. जेईईत रँक मागे गेली, आता एरोस्पेसचं दार बंद झालं, असं लिहिलंयस. वाचून जीव कळवळला, कारण ते खरं नाही.

तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अंतराळ विज्ञानाची संस्था किंवा पवईच्या आयआयटीतला एरोस्पेस विभाग, तिथे बी.टेक.ला जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागते, हे मान्य. पण इस्रोच्या शास्त्रज्ञ-अभियंता पदांच्या जुन्या जाहिराती काढून बघ. त्यांत मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरच्याच जागा भरपूर दिसतील. वसंत गोवारीकर केमिकल इंजिनिअरिंगमधून आले, रॉकेटच्या घन इंधनावर काम केलं आणि विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. आपल्याकडे रॉकेट मोटरची केसिंग, म्हणजे बाहेरची कवचं, वालचंदनगरला होतात, इस्रोच्या रॉकेटांचं विकास इंजिन विक्रोळीत, सुखोई लढाऊ विमानं नाशिकजवळ ओझरला. वेल्डिंगची एक्स-रे फिल्म डोळ्यांत तेल घालून तपासणारा माणूस मला कुठल्याही शास्त्रज्ञाइतकाच या क्षेत्रातला वाटतो.

पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनी ‘स्वयम्’ नावाचा जेमतेम एक किलोचा उपग्रह केला. एका बॅचने सुरू केलेलं काम पुढच्या बॅचेसनी उचललं आणि 22 जून 2016 ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 या रॉकेटने तो वर नेला. त्यात चुंबक बसवला होता, होकायंत्राच्या सुईसारखा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहावा म्हणून. इतकी साधी कल्पना, पण ती चालेल हे आधी गणिताने दाखवावं लागतं.

गणिताबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय. मी एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर, पाठांतरावर काढला. गुण चांगले पडले. नोकरीत पहिल्याच वर्षी एका पातळ पत्र्याच्या कंपनांचं गणित समोर आलं, आणि जे डिफरन्शियल इक्वेशन मी परीक्षेत सोडवलं होतं तेच मला ओळखता आलं नाही. मग सहा महिने रोज रात्री जुनं पुस्तक उघडून पहिल्या धड्यापासून बसलो. तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

म्हणून एक गणित देतो. कक्षेत पोचायला, हवा आणि गुरुत्वाकर्षणामुळे वाटेत होणारं नुकसान धरून, रॉकेटला साधारण सेकंदाला 9 किलोमीटर वेग कमवावा लागतो. मागे फेकला जाणारा वायू सेकंदाला 3 किलोमीटरने जातो असं धर. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्कीच्या रॉकेटच्या सूत्रात वेगातली वाढ म्हणजे वायूचा वेग गुणिले सुरुवातीच्या आणि शेवटच्या वस्तुमानाच्या गुणोत्तराचा नॅचरल लॉग. इथे तो लॉग 3 यायला हवा, म्हणजे गुणोत्तर e चा घन, सुमारे 20. शंभर टनांचं रॉकेट निघालं तर वर उरतात फक्त पाच टन. त्यातच टाकी, इंजिन, सांगाडा आणि उपग्रह! नुसती टाकी आणि इंजिनच आठ टनांची असली तर? गणित तिथेच कोसळतं. म्हणून रिकामे झालेले भाग वाटेत टाकत जावं लागतं; पीएसएलव्हीला चार टप्पे का आहेत, ते अकरावी-बारावीत घोकलेला लॉग सांगतो. हे पहिल्यांदा उमगलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

हे सोडवताना रॉकेट विसरून त्या लॉगमध्येच रमलीस, तर तीही खूण समज. मग इंजिनिअरिंगचा हट्ट धरू नकोस. बंगळूरच्या आयएसआयमध्ये (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) आणि चेन्नईच्या सीएमआयमध्ये (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) गणिताची पदवी आहे, त्यांच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या असतात. पुण्यात गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी 1976 साली सुरू केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, तिथे एकदा जाऊन ये. घरचे ‘गणित करून पुढे काय?’ विचारतील, तेव्हा मला फोन लावून दे. बाबांशी मी बोलेन.

आता हेच रॉकेट दोन टप्प्यांचं कर. प्रत्येक टप्प्याने सेकंदाला साडेचार किलोमीटरचा वेग द्यायचा, आणि पहिल्याची रिकामी टाकी वाटेत टाकून द्यायची. टाकी-इंजिनाचं वजन त्या टप्प्याच्या इंधनाच्या एक दशांश धर. उपग्रहाला किती टन उरतात ते काढ आणि वहीच्या पानाचा फोटो रविवारपर्यंत पाठव. आकडा चुकला तर चालेल, मधल्या पायऱ्या गाळू नकोस.

तुझा,
काका