रेघेची जाडी

मागच्या अंकात इस्राएल आणि त्याच्या शेजाऱ्यांचा मी काढलेला नकाशा आला होता. त्यावर पत्रं आली, बहुतेक रागावलेली, आणि दोन्ही बाजूंनी. त्यातल्या सहांना इथे उत्तरं देतो. मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. पस्तीस वर्षं छापण्यासाठी नकाशे काढले, आधी ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगच्या पेनने, मग संगणकावर. तेव्हा उत्तरंही नकाशेवाल्याचीच मिळतील.

प्रश्न : वेस्ट बँकेभोवतीची रेघ तुम्ही तुटक काढली आहे, बाकीच्या सीमा मात्र अखंड. ही चूक की मुद्दाम? आणि तिला ‘ग्रीन लाइन’ का म्हणतात?

उत्तर : मुद्दाम. अखंड काढण्याची चूक मी एकदा करून बसलो आहे. सप्टेंबर १९९३ मध्ये व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्राएलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफात यांनी हात मिळवले, त्या रात्री साडेदहाला नकाशा हवा होता. मी पॉइंट पाचच्या पेनने ठसठशीत सीमा ओढली आणि घरी गेलो. चौथ्या दिवशी एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं : ‘ही आंतरराष्ट्रीय सीमा कोणत्या तारखेस ठरली ते कळवावे.’ एवढंच. तारीख शोधायला बसलो. सापडेना, कारण ती सीमा म्हणून कधी ठरलेलीच नाही.

ठरलं ते असं. १९४८ मध्ये इस्राएलची स्थापना होताच शेजारच्या अरब देशांशी लढाई जुंपली. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी जेरुसलेमच्या मुसरारा भागातल्या एका ओस पडलेल्या घरात इस्राएलचे मोशे दयान आणि जॉर्डनचे अब्दुल्ला अल-तल समोरासमोर बसले. पुढ्यात एकास वीस हजार प्रमाणाचा नकाशा. आपापलं सैन्य जिथे उभं आहे तिथे दोघांनी रेघ ओढली, एकाने हिरव्या आणि दुसऱ्याने तांबड्या मेणाच्या पेन्सिलीने. ही पेन्सिल मी वापरलेली आहे. टोक करा, दोन इंच रेघ ओढा, टोक गेलं. त्या रेघा तीन-चार मिलिमीटर जाड उमटल्या. आता हिशेब करा. या प्रमाणात नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे वीस मीटर. म्हणजे पेन्सिलीच्या नुसत्या जाडीखाली साठ ते ऐंशी मीटर रुंदीचा पट्टा गेला. त्यात घरं होती, गल्ल्या होत्या. दोन रेघांच्या मधला भाग कोणाचाच नाही, हे दोघांना मान्य होतं. पण खुद्द रेघेखाली जे आलं ते कोणाचं? त्यावर पुढे वर्षानुवर्षं तंटे चालले. बांध कोरण्याची भांडणं आपण पाहिलेली असतात, पण बांधच घरावरून गेला तर कोरायचं काय?

या पट्ट्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९५६ मध्ये रेघेला लागून असलेल्या एका ख्रिस्ती रुग्णालयातली बाई खिडकीतून वाकली आणि तिची कवळी खाली पडली, नेमकी निर्जन पट्ट्यात. तिथे पाऊल टाकलं तर गोळी. मग संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी मध्ये पडले, दोन्ही सैन्यांची परवानगी निघाली, आणि पांढरं निशाण घेतलेल्या सोबत्यांबरोबर एक जोगीण ढिगाऱ्यात उतरून कवळी शोधू लागली. सापडली. तिने ती हातात उंच धरलेला फोटो तेव्हा जगभर गेला होता.

ही कच्ची रेघ ३ एप्रिल १९४९ च्या जॉर्डनबरोबरच्या शस्त्रसंधी करारात गेली. नकाशावर ती हिरव्या शाईत आली म्हणून ग्रीन लाइन. मात्र त्याच करारात लिहिलं आहे की या रेघेने पुढच्या सीमा-निश्चितीला बाध येणार नाही. इजिप्तबरोबरच्या करारात तर स्पष्टच आहे, ही राजकीय किंवा प्रादेशिक सीमा समजू नये. हा आग्रह कोणाचा होता? अरब देशांचा. इस्राएल तेवढ्या जमिनीवर पक्कं झालं असा अर्थ निघू नये म्हणून. १९६७ च्या युद्धात इस्राएलने वेस्ट बँक, गाझा, इजिप्तचं सिनाई आणि सीरियाचं गोलान घेतलं, आणि त्यानंतर नेमकं उलटं झालं. अरब देश म्हणू लागले, त्या रेघेपर्यंत मागे जा; आणि इस्राएल म्हणू लागलं, ती तर सीमा नव्हतीच, तुम्हीच लिहून घेतलं होतं.

१९६७ च्या अखेरीस इस्राएलच्या सरकारने ठरवलं की यापुढे सरकारी नकाशांत ही रेघ दाखवायची नाही. २०२२ मध्ये तेल अवीव महापालिकेने शाळांच्या वर्गांत ती दाखवणारे नकाशे लावायचं ठरवलं, तेव्हा शिक्षण मंत्रालयाने हरकत घेतली. म्हणजे पंचावन्न वर्षांनंतरही एक रेघ भिंतीवर लावायची की नाही यावर वाद. या धंद्यात आयुष्य घालवल्याचं समाधान वाटतं ते अशा वेळी.

प्रश्न : सुरक्षा परिषदेच्या २४२ क्रमांकाच्या ठरावात एका शब्दावरून गोंधळ आहे असं वाचलं. कोणता शब्द?

उत्तर : जो शब्द नाही, त्यावरून. २२ नोव्हेंबर १९६७ चा हा ठराव ब्रिटनचे लॉर्ड कॅरडन यांनी मांडला आणि पंधराच्या पंधरा मतांनी मंजूर झाला. इंग्रजी मजकुरात इस्राएली सैन्याने ‘फ्रॉम टेरिटरीज’ मागे जावं असं आहे. ‘टेरिटरीज’च्या आधी ‘द’ नाही. इस्राएल म्हणतं, ‘द’ नाही म्हणजे सगळे प्रदेश नव्हेत, काही. फ्रेंच मजकुरात मात्र उपपद आहे आणि तो ‘त्या प्रदेशांतून’ असाच वाचला जातो. अरब बाजू शिवाय प्रस्तावनेवर बोट ठेवते : युद्धाने प्रदेश मिळवणं अमान्य, असं तिथे लिहिलं आहे. भारत त्या वेळी परिषदेचा सदस्य होता आणि आपण हा ठराव सर्व व्याप्त प्रदेश सोडण्याचा समजतो, असं सांगून आपण मत दिलं.

आता हे मराठीत करून बघा. ‘अलीकडच्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून.’ झालं! मराठीला उपपदच नाही, त्यामुळे आपल्याकडे हा वाद जन्मालाच येत नाही, आणि मिटतही नाही. ‘सर्व’ लिहिलं तरी अनुवादकाने बाजू घेतली, ‘काही’ लिहिलं तरी घेतली. माझं मत विचाराल तर तो ‘द’ विसरून राहिलेला नाही. तो असता तर पंधरा हात वर झाले नसते.

प्रश्न : इजिप्तबरोबरची सीमा मिटली. सीरियाबरोबरची का मिटत नाही? वाळवंट सोडणं सोपं आणि गोलानची टेकडी सोडणं अवघड, एवढंच ना?

उत्तर : एवढंच नाही. सिनाई सोडणंही सोपं नव्हतं. १९७९ च्या तहाप्रमाणे २५ एप्रिल १९८२ ला इस्राएलने सिनाई रिकामं केलं, पण आकाबाच्या आखातावर ताबा नावाचा जेमतेम चौरस किलोमीटरचा तुकडा राहिला. तिथे इस्राएलने मोठं हॉटेल बांधलं होतं. वाद होता तो हद्दीच्या खांबांचा. १९०६ मध्ये ऑटोमन तुर्क आणि इजिप्तवर बसलेले ब्रिटिश यांनी ही हद्द आखली. आधी तारेचे खांब रोवले, मग त्या जागी दगडी खांब बांधले. त्यातला शेवटचा, ९१ क्रमांकाचा, नेमका कुठे होता यावर सात वर्षं गेली. पाच जणांच्या लवादापुढे जुने नकाशे आले, जुने फोटो आले. लवादाने १९८८ मध्ये निर्णय दिला. त्यातला मला भावलेला भाग असा : कागदावर काय लिहिलंय यापेक्षा ब्रिटिश मँडेटच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर पॅलेस्टाइन ब्रिटिशांच्या कारभाराखाली होतं त्या, काळात दोन्ही बाजू प्रत्यक्ष कोणता खांब मानत होत्या ते महत्त्वाचं. खांब रोवताना माणूस चुकला असेल, पण सगळ्यांनी तो मानला ना? मग तोच खांब खरा. १९ मार्च १९८९ ला ताबा इजिप्तकडे गेलं, हॉटेलसकट.

सीरियाच्या बाबतीत असा एकही मानलेला खांब नाही. एकाच तळ्याकाठी तीन वेगळ्या रेघा आहेत. ब्रिटिश आणि फ्रेंच यांनी १९२३ मध्ये सीमा ठरवली तेव्हा गालिली तळं पूर्ण पॅलेस्टाइनच्या बाजूला राहावं म्हणून ईशान्य काठाने दहा मीटर रुंदीची पट्टीही तिकडेच टाकली. दहा मीटर! एकास अडीच लाखाच्या नकाशात हे एका मिलिमीटरचा पंचविसावा भाग भरतात. अशी पट्टी दाखवणारं पेन मला कधी मिळालेलं नाही. दुसरी रेघ १९४९ च्या शस्त्रसंधीची, तिच्यात निःसैनिक टापू. तिसरी ४ जून १९६७ ची, म्हणजे लढाईच्या आदल्या दिवशी जो जिथे होता ती. त्या दिवशी सीरियाचे सैनिक थेट पाण्यापर्यंत होते. ही तिसरी रेघ कोणी आखलेलीच नाही, ती फक्त आठवणीत आहे.

२६ मार्च २००० ला जिनिव्हात अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सीरियाचे अध्यक्ष हाफिज असाद यांच्यापुढे इस्राएलचे पंतप्रधान बराक यांचा प्रस्ताव ठेवला. जवळजवळ सगळं गोलान परत, फक्त तळ्याच्या काठाची काही शे मीटरची पट्टी इस्राएलकडे. असाद यांनी तिथेच विषय संपवला. पाण्याला हात लागणार नसेल तर बाकीचं ऐकायचंच नव्हतं. अकरा आठवड्यांत ते वारले. आणि तळ्याची पातळी वर्षाच्या पावसावर वरखाली होते, तेव्हा काठ म्हणजे कोणत्या वर्षीचा काठ, हा प्रश्न उरतोच. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे पुत्र बशार असाद यांची सत्ता कोसळली आणि इस्राएलचं सैन्य १९७४ पासूनच्या निर्लष्करी पट्ट्यात शिरलं. नकाशा पुन्हा खोडावा लागणार.

प्रश्न : या सगळ्या सीमा सायक्स आणि पिको या दोघांनी पट्टीने आखल्या, हे खरं का?

उत्तर : नाही. सोयीची गोष्ट आहे म्हणून चालते. डिसेंबर १९१५ मध्ये मार्क सायक्स यांनी ब्रिटिश मंत्र्यांपुढे नकाशावर बोट ठेवून सांगितलं होतं, ‘एकर’ (Acre, पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरचं गाव) मधल्या ‘ई’पासून ‘किर्कुक’मधल्या शेवटच्या ‘के’पर्यंत रेघ ओढावी. अक्षरं बसवणाऱ्या माणसाला हे वाचून घाम फुटतो, कारण गावाचं नाव डावीकडे छापायचं की उजवीकडे हे आम्ही जागा बघून ठरवतो. पण ब्रिटनचे सायक्स आणि फ्रान्सचे पिको यांनी ठरवलेल्या १९१६ च्या करारात पॅलेस्टाइनचा मोठा भाग आंतरराष्ट्रीय कारभाराखाली जाणार होता आणि आज इराकमध्ये असलेलं मोसुल फ्रेंचांच्या वाट्याला. दोन्ही झालं नाही. आजच्या रेघा १९२० नंतरच्या वाटाघाटींच्या आणि १९४८ च्या लढाईच्या.

प्रश्न : माणसं मरताहेत आणि तुम्ही पेन्सिलीच्या जाडीच्या गमती सांगता. गाझाबद्दल तुमच्या नकाशात एक आयत आहे, बस्स. लाज वाटत नाही?

उत्तर : पत्र तीनदा वाचलं. राग रास्त आहे. पण त्या आयताबद्दल थोडं सांगू द्या. फेब्रुवारी १९४९ मध्ये इजिप्त आणि इस्राएल यांची सैन्यं जिथे थांबली तिथे ही पट्टी तयार झाली. त्याआधी त्या आकाराचं काहीही नव्हतं, गाझा नावाचं शहर आणि त्याचा मोठा जिल्हा होता. सुमारे चाळीस किलोमीटर लांब आणि ३६५ चौरस किलोमीटरचा तो तुकडा. मूळ रहिवासी ऐंशी हजारांच्या आसपास, त्यांच्यात दोन लाख निर्वासित येऊन पडले. कित्येकांची गावं कुंपणापलीकडे, पायी जाण्याच्या अंतरावर. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासचे लोक हीच रेघ फोडून पलीकडे गेले, सुमारे बाराशे माणसं मारली आणि २५१ ओलीस नेले. त्यानंतर या पट्टीत मेलेल्यांचा आकडा दहा-दहा हजारांच्या हिशेबात मोजावा लागतो, आणि त्यात मुलं किती आहेत हे लिहिताना हात थांबतो.

ऑक्टोबर २०२५ च्या युद्धविरामात आयताच्या आत आणखी एक रेघ आली. तिला ‘पिवळी रेषा’ म्हणतात. ती दाखवायला इस्राएली सैन्याने पिवळे रंगवलेले काँक्रीटचे ठोकळे मांडले. आपलं घर रेघेच्या कोणत्या बाजूला हे ज्याला ठोकळ्यावरून ओळखायचं आहे, त्याच्यासाठी रेघेची जाडी ही गंमत नाही. म्हणूनच मी ती मोजत बसतो. आयताबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पुढच्या अंकात गाझाचा स्वतंत्र, मोठ्या प्रमाणाचा नकाशा देतो.

प्रश्न : लेबनॉन आणि इस्राएल यांच्यामधली समुद्रातली रेघ तुमच्या नकाशात किनाऱ्याला टेकतच नाही. छपाईत उडाली का?

उत्तर : नाही, तशीच आहे. जमिनीवर तिथे संयुक्त राष्ट्रांनी २००० मध्ये आखलेली ‘ब्लू लाइन’ आहे, निळ्या पिंपांनी दाखवलेली, आणि तीही सीमा नव्हे, इस्राएलचं सैन्य लेबनॉनमधून मागे गेलं की नाही हे तपासण्याची रेघ. समुद्राखाली वायू आहे म्हणून २७ ऑक्टोबर २०२२ ला अमेरिकेच्या मध्यस्थीने दोन्ही देशांनी पाण्यातली रेघ मान्य केली. एकाच टेबलावर बसून एकाच कागदावर सह्या करायला लेबनॉन तयार नव्हता, म्हणून दोघांनी वेगवेगळे कागद दिले. पण रास नाकुरा इथे रेघ किनाऱ्याला नेमकी कुठे टेकावी यावर एकमत होईना. तेव्हा पहिल्या पाच-एक किलोमीटरांत इस्राएलने टाकलेले तरंगते बोये जसे आहेत तसे राहू द्यावेत, आणि ठरलेली रेघ त्यापुढे सुरू व्हावी, असं झालं. म्हणून माझीही तिथूनच सुरू होते.