पाऊस चुकवायला पुण्याला जाऊ नकोस

प्रिय बाय,

तुझा प्रश्न दोन ओळींचा, उत्तर मात्र लांबणार आहे. दहावीनंतर पुण्याला जाऊ का, आणि कारण काय, तर 'इथे गोव्यात चार महिने पाऊस, क्लायंबिंग करायचं कुठे?' कॉलेजसाठी जायचं असेल तर जरूर जा, ते तू आणि आईबाबा ठरवा. पण केवळ पाऊस चुकवायला निघाली असशील तर थांब जरा. सह्याद्रीतला कातळही जून ते सप्टेंबर ओलाच असतो. पुण्यात सरावाच्या भिंती मोठ्या आणि चढणारी माणसं जास्त, हे खरं. पाऊस काही तिथेही चुकत नाही.

इंग्लंडमधलं शेफिल्ड घे. वर्षाचा पाऊस आठशे-साडेआठशे मिलिमीटर. आपल्याकडे तेवढा एकट्या जुलैत कोसळतो. पण तिथला पाऊस वर्षभर पिरपिरत राहतो, त्यामुळे बाहेरचा खडक कधी कोरडा मिळेल याचा नेम नाही. म्हणून तिथल्या पोरांनी तळघरांत आणि पडक्या खोल्यांत फळ्या ठोकून तिरक्या भिंती उभ्या केल्या. १९९० मध्ये 'हबल' नावाचा, त्या काळी जगातल्या सगळ्यात अवघड चढायांत गणला गेलेला रूट चढणारा बेन मून याच गोतावळ्यातला. पुढे त्याच्याच नावाचा मूनबोर्ड निघाला, सरावाची ठरावीक भिंत. ४० अंशांत झुकलेला, उंची सव्वातीन मीटरच्या आत, आणि होल्ड, म्हणजे हातापायांचे आधार, जगभर त्याच जागी. एखाद्या गॅरेजात मावेल एवढी ती भिंत. आपल्या फोंड्याच्या शेडमधली भिंत बघून तू नाक मुरडलं होतंस ना, म्हणून हे सगळं सांगितलं.

आता तू या पावसाळ्यात काय करायचं ते लिहितो.

आधी दमट हवेचं बघ. हात घामेजलेला असताना वर चॉकची पांढरी पूड फासलीस की तिचा लगदा होतो आणि बोट आणखी घसरतं. आधी जुन्या सुती कापडाने हात नीट पूस, पंख्यासमोर धर, मग चॉक, तेही थोडंच. उतरल्यावर होल्ड टूथब्रशने घासून ठेव, तुझ्यामागून दुसरं कुणी चढणार असतं. प्लास्टिकच्या होल्डवर ओल पृष्ठभागावरच राहते, लाकडाचे होल्ड ती थोडी तरी शोषून घेतात. म्हणून फणसाच्या लाकडाचे तुकडे तासून आपण लावले, ते हौस म्हणून नव्हे. शूज पिशवीत कोंबून ठेवलेस तर आठवड्यात हिरवी बुरशी धरेल. आत वर्तमानपत्राचे बोळे घाल आणि वाऱ्याला टांगून ठेव. चुलीजवळ मात्र वाळवू नकोस, उष्णतेने तळव्याचं रबर सुटतं.

दुसरी गोष्ट पायांची. तू हातांनी ओढून वर जातेस. ताकद आहे तोवर जमतं, मग हात भरून येतात आणि तू चिडतेस. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, माडावर चढताना एकदा खालून नीट बघ. हात नुसते खोडाला धरून असतात, अंग वर ढकलतात ते पाय. पायांत अडकवलेली दोरी खोडाला घट्ट बसल्याशिवाय तो हात सोडत नाही. भिंतीवरही तसंच करायचं. पुढचा महिनाभर प्रत्येक पाऊल होल्डवर आवाज न करता ठेव, आणि एकदा ठेवलं की हलवायचं नाही. कंटाळवाणं आहे, ठाऊक आहे. पण बाहेर हवामान छान असतं तेव्हा असला सराव कुणीच करत नाही.

बोटांबद्दल मात्र मी कडक आहे. तुझ्या वयात बोटांच्या हाडांची वाढ पुरती संपलेली नसते, आणि सांध्यालगतची वाढीची जागा अतिताणाने तडकू शकते. बहुतेक वेळा मधल्या बोटाच्या मधल्या सांध्यावर, मागच्या बाजूने दुखायला लागतं. 'लागलं असेल कुठेतरी' म्हणून टेप गुंडाळून चढायचं नाही. बंद करायचं आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. त्यांना आधीच सांग की मी बोटांच्या टोकांवर लटकते, नाहीतर मुका मार म्हणून मलम देऊन परत पाठवतील. कमरेला वजन बांधून लटकणं आणि कॅम्पस बोर्डच्या आडव्या पट्ट्यांवर नुसत्या हातांनी उड्या मारणं ही दोन्ही कामं आणखी काही वर्षं बंद.

बाहेरच्या खडकाविषयी आता. पावसात सड्यावरचा जांभा बघून हात शिवशिवतात, पण आपला चिऱ्याचा दगड चढायला बेभरवशाचा. हवेवर तो कठीण होतो खरा, पण ती वरची साल. धार धरून ओढलीस की मुठीत भुगा. बंद चिरेखाणीत तर पाऊलही टाकायचं नाही. पावसात तिथे किती पाणी साचलंय ते वरून कळत नाही, आणि काठ आतून पोकळ झालेले असतात. खरा चढण्याजोगा दगड काणकोणकडे. तिथल्या ग्रॅनाइटात फेल्डस्पारचे मोठे स्फटिक वर आलेले असतात, नखाएवढे, पायाच्या टोकाला नेमके लागणारे. तो ऑक्टोबरनंतर, समुद्र शांत झाल्यावर, ओहोटी बघून. समुद्राकाठी दोर अडकवायला कुणी ठोकलेला बोल्ट दिसला तर चकाकतोय म्हणून त्यावर अंग टाकू नकोस. खाऱ्या हवेत स्टेनलेस स्टीलही आतून तडकतं आणि बाहेरून काही दिसत नाही. थायलंडच्या रायलेला याच कारणाने टायटॅनियमचे बोल्ट चिकटवावे लागले.

आणि दगड कुणाचा ते आधी विचार. इथे दगड बेवारशी नसतो. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावच्या जुन्या सामाईक संस्थेची असेल, कुणाच्या कुळागराची, म्हणजे बागायतीची असेल, वनखात्याची असेल. देवराईतला दगड तर नाहीच. शेंदूर दिसो न दिसो, राखणदाराची जागा म्हणून गाव मानत असेल तर आपण हात लावायचा नाही, विषय संपला. बाकी ठिकाणी गावकाराला भेटून सांगायचं आणि निघताना चॉकचे पांढरे पंजे घासून काढायचे. आपण मोजके सातआठ जण. एकाने आगाऊपणा केला की सगळ्यांना वाट बंद.

या सातआठ जणांसाठीच तुला थांब म्हणतोय. पुण्यात चढणारे पुष्कळ भेटतील, पण इथे धाकटी पोरं पडताना त्यांना सावरायला खाली तूच उभी असतेस. ते काम अजून नीट शीक. बोटं जुळलेली, अंगठा आत, नाहीतर पडणाऱ्याच्या वजनाने अंगठा मोडतो. पडणाऱ्याला झेलायचं नसतं, कमरेला-खांद्याला हात लावून गादीकडे वळवायचं असतं. मोठे प्रॉब्लेम, म्हणजे अवघड चढाया, चढणारे मी बरेच पाहिले, चांगला स्पॉटर, म्हणजे खाली उभा राहून सावरणारा, क्वचित मिळतो. पोरांबरोबर शेडमध्ये काय करते म्हणून वाड्यावर कुजबुज चालते असं तू म्हणालीस. एक दिवस आईला घेऊन ये. बसू दे तिला खुर्ची टाकून, वाटलं तर चढू दे. कुजबुज पुरती थांबणार नाही, पण घरातून तुला पाठबळ मिळेल.

डिसेंबरात हंपीला जाऊ. वास्कोहून सुटणारी अमरावती एक्सप्रेस मडगाव, कुळे, दूधसागर करत होस्पेटला सोडते. देवळांच्या भिंती-खांबांना हात लावायचा नाही. आपले दगड नदीपलीकडे, आणेगुंदीच्या बाजूला. तिथला ग्रॅनाइट बोटांची सालं काढतो, तेव्हा पहिल्या दिवशी तीन तास पुरे. जमलं तर परतताना गदगला उतरून बदामी. तिथला लाल वालुकाश्म ओला झाला की कमकुवत होतो, म्हणून पाऊस पडून गेला असेल तर एक-दोन दिवस नुसती लेणी बघायची. ही दोन्ही ठिकाणं बघून झाल्यावर पुण्याचं ठरव. तेव्हाही जावंसं वाटलं तर तुझं सामान मी स्वतः बसमध्ये चढवीन.

रविवारी सकाळी सातला शेडवर ये. नखं कापून ये, आणि तो पाचवीतला पोरगा परवापासून तुझी वाट बघतोय, त्याला हिरव्या होल्डांचा प्रॉब्लेम तूच शिकव.

तुझा,
दादा